टॅपेटचे चाक आणि कॅमचा आकार

पनवेल हे गाव एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी प्रसिद्ध होते. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरचा माल घाट उतरून पनवेलच्या बंदरात येऊ लागला. माल उतरवून परत फिरणारी गाडी पनवेलात घडवलेली चाकांची जोडी बरोबर नेत असे, अशा आशयाची नोंद ब्रिटिश अमदानीतील इंपीरियल गॅझेटियरात आढळते. हे चाक घडविणाऱ्या सुताराला आणि ते वापरणाऱ्या गाडीवानाला एक गोष्ट अनुभवाने पक्की ठाऊक होती: वाटेत धोंडा आला तर मोठे चाक त्यावरून सुखाने जाते, लहान चाक अडते. धोंडा ५ सेंटिमीटर उंचीचा आणि चाकाची त्रिज्या ६० सेंटिमीटर असेल, तर चाकाच्या आसाला प्रथम सुमारे २४ अंशांची चढण चढावी लागते. त्याच धोंड्यावर २० सेंटिमीटर त्रिज्येचे चाक आणले तर तीच चढण सुमारे ४१ अंशांची होते. धोंडा तोच, चढण मात्र चाकाच्या मापावर ठरते.

बैलगाड्या गेल्या आणि त्याच मार्गावर मोटारी आल्या. घाटाच्या पायथ्याचे गाव म्हणून पनवेल व कळंबोलीच्या परिसरात मोटार-दुरुस्तीचा व्यवसाय वाढला. या मोटारींपैकी कित्येकांच्या इंजिनात अथवा इंधनपंपात एक फार लहान, सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाचे पोलादी चाक असते. एका पोलादी उंचवट्यावर ते मिनिटाला शेकडो, आणि शर्यतीच्या इंजिनात हजारो, वेळा चढते व उतरते. या चाकाविषयी दोन प्रश्न संभवतात. ते मोठे असावे की लहान, हा पहिला. आणि त्याचे माप बदलले असता ज्यावर ते चढते तो उंचवटाही बदलावा लागतो काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची चर्चा पुष्कळ होते. दुसरा मात्र बहुधा विचारलाच जात नाही, आणि खरे नुकसान त्याच्याच उपेक्षेमुळे होते. या दुसऱ्या प्रश्नाचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतू आहे.

१. भाग आणि त्यांची नावे

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा व इंधन घेणे आणि जळालेला वायू बाहेर सोडणे ही कामे व्हॉल्व्ह करतात. व्हॉल्व्ह उघडण्याचे काम कॅमशाफ्टकडे असते. हा दांडा क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो, आणि त्यावर प्रत्येक व्हॉल्व्हसाठी एक एक उंचवटा असतो. त्यास लोब म्हणतात. लोबला चिकटून राहणारा आणि त्याच्या फिरण्याने वरखाली होणारा भाग म्हणजे टॅपेट अथवा लिफ्टर. पुष्कळ इंजिनांत टॅपेटची हालचाल पुशरॉड आणि रॉकर यांच्या द्वारे व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते.

ही नावे कारखान्यांतून मराठीत आली आणि रूढ झाली. ती बदलण्याचे प्रयोजन नाही. तथापि त्यांची मुळे ध्यानात घेण्यासारखी आहेत. कॅम हा शब्द डच भाषेतून आलेला असून तेथे त्याचा अर्थ फणी अथवा चाकाचा दाता असा आहे. लोब म्हणजे मुळात कानाची पाळी. टॅपेट या शब्दात हलकेच ठोकणे ही क्रिया आहे. म्हणजे टॅपेट हे नाव त्या भागाच्या आवाजावरून पडले, तर लिफ्टर हे त्याच भागाचे दुसरे नाव त्याच्या कामावरून, उचलण्यावरून, पडले. टॅपेटच्या टोकाला चाक बसविले म्हणजे त्यास रोलर टॅपेट म्हणतात. हे चाक लोबवर घासत नाही, तर घरंगळते.

आणखी चार संज्ञा पुढील विवेचनास लागतील. लोबचा जो भाग निव्वळ वर्तुळाकार असतो, ज्यावर टॅपेट असताना व्हॉल्व्ह बंद राहतो, ते पायावर्तुळ. लोबचे सर्वांत उंच टोक ते नाक. पायावर्तुळापासून नाकापर्यंतची चढती बाजू ती कूस. टॅपेट किती उचलले जाते ती उचल, आणि व्हॉल्व्ह क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो तो अवधी.

२. सपाट टॅपेटची मर्यादा

चाकाचे महत्त्व कळण्यासाठी आधी चाक नसलेल्या टॅपेटचा विचार करणे सोयीचे होईल. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सने बनविलेली आणि मुंबईची टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत रस्त्यावर दिसलेली प्रीमिअर पद्मिनी ही गाडी पुष्कळांच्या परिचयाची आहे. तिच्या इंजिनात सपाट तळाचे टॅपेट असे. लोब या तळावर घासत जातो. लोब फिरू लागला की स्पर्शाची जागा टॅपेटच्या मध्यापासून बाजूला सरकते, आणि ती किती सरकते हे टॅपेट त्या क्षणी किती वेगाने वर जात आहे यावर अवलंबून असते. कॅम एक रेडियन, म्हणजे सुमारे ५७.३ अंश, फिरताना ज्या गतीने उचल वाढत असेल, नेमक्या तितक्याच अंतरावर स्पर्शबिंदू सरकतो.

यावरून एक कठोर नियम निघतो: सपाट टॅपेटची त्रिज्या त्याच्या कमाल गतीहून लहान असून चालत नाही. लहान असेल तर लोब टॅपेटच्या कडेवर चढून ती खरवडू लागेल. अमेरिकेतील शेव्हरलेट व्ही-८ इंजिनाच्या सपाट टॅपेटचा व्यास ०.८४२ इंच, म्हणजे सुमारे २१.४ मिलिमीटर असतो. असे टॅपेट कॅमच्या दर अंशाला ०.१८७ मिलिमीटरहून अधिक वेगाने उचलता येत नाही. स्प्रिंग कितीही जोरकस लावली तरी ही मर्यादा बदलत नाही, कारण ती बळाची नसून भूमितीची आहे.

दुसरी मर्यादा नाकाची. सपाट टॅपेटचा लोब सर्वत्र बहिर्वक्र असावा लागतो. त्याच्या कुशीत पोकळपणा चालत नाही, कारण सपाट तळ पोकळीत शिरू शकत नाही. उचल झपाट्याने वाढवून झपाट्याने थांबवावयाची तर नाक टोकदार होत जाते, आणि एका टप्प्यापुढे तसा लोब काढताच येत नाही. या दोन्ही बंधनांमुळे अधिक शक्तीची इंजिने बनविणारे रोलरकडे वळले. विमानांच्या ताराकार इंजिनांत रोलर टॅपेट फार पूर्वीपासून होते. फोर्डच्या मस्टँग गाडीच्या व्ही-८ इंजिनात ते १९८५ पासून आले. आणि अमेरिकेतील नॅसकारच्या प्रमुख शर्यतमालिकेत, जेथे दीर्घकाळ नियमानेच सपाट टॅपेट वापरावे लागे, तेथे २०१५ च्या हंगामापासून रोलर टॅपेट आले. भारतात रॉयल एनफिल्डच्या जुन्या बुलेटमध्ये सपाट टॅपेट होते. २००९ च्या सुमारास आलेल्या नव्या इंजिनात त्यांची जागा रोलर टॅपेटने घेतली.

३. लोबची आखणी

रोलर टॅपेटसाठी लोब आखण्याची रीत सपाट टॅपेटपेक्षा निराळी आहे, आणि ती नीट समजली तर पुढचे सर्व आपोआप उलगडते. आखणी करणारा लोबपासून आरंभ करीत नाही. व्हॉल्व्ह केव्हा, किती आणि कशा गतीने उघडावा हे तो प्रथम ठरवतो. त्यावरून कॅमच्या प्रत्येक अंशाला टॅपेटच्या चाकाचे केंद्र कोठे असावे हे निश्चित होते. हे सर्व बिंदू जोडले असता जी वक्ररेषा तयार होते ती चाकाच्या केंद्राची वाट होय. लोब अद्याप कोठेही नाही.

आता कागदावर ही वाट काढावी, कंपास चाकाच्या त्रिज्येइतका उघडावा आणि वाटेवरील अनेक बिंदूंवर त्याचे टोक ठेवून वर्तुळे काढावीत. या वर्तुळांच्या आतील बाजूंना स्पर्श करीत जाणारी जी रेषा दिसू लागेल, ती म्हणजे लोबची कड. कंपास थोडा अधिक उघडून हीच कृती पुन्हा केली तर वाट जरी तीच असली तरी निराळी कड मिळेल. सारांश, व्हॉल्व्हची हालचाल ही केंद्राच्या वाटेत असते. ती वाट प्रत्यक्षात आणण्याचे काम लोब आणि चाक ही जोडी करते. दोहोंपैकी एकाचे माप बदलून दुसऱ्याचे तसेच ठेवले तर वाट बदलते.

बैलगाडीच्या उपमेची मर्यादाही येथे ध्यानात येते. रस्त्यावरचा धोंडा कोणत्याही चाकासाठी घडविलेला नसतो. लोब हा मात्र एका विशिष्ट चाकासाठी घडविलेला धोंडा असतो.

४. तीन चाकांचे गणित

हे तत्त्व आकड्यांत पाहावे. पायावर्तुळाची त्रिज्या १५ मिलिमीटर, लोबची उचल ८ मिलिमीटर आणि अवधी क्रँकचे २६० अंश, म्हणजे कॅमचे १३० अंश, असा एक लोब घेऊ. उचल साध्या आवर्ती गतीने, म्हणजे लंबकाच्या रीतीने, वाढते व घटते असे मानू. प्रत्यक्षातील लोबला आरंभी व शेवटी सौम्य उतार द्यावे लागतात आणि त्याचे गणित याहून गुंतागुंतीचे असते. परंतु चाकाच्या मापाचा परिणाम दाखविण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

प्रथम, हीच हालचाल सपाट टॅपेटला देता येईल काय? कमाल गती दर रेडियनला ११.१ मिलिमीटर येते. म्हणजे टॅपेटचा व्यास निदान २२.२ मिलिमीटर हवा. वर सांगितलेले २१.४ मिलिमीटरचे टॅपेट येथेच अपुरे पडते. शिवाय नाकाची त्रिज्या शून्याहून मोठी राहण्यासाठी पायावर्तुळाची त्रिज्या १५ च्या जागी २२.७ मिलिमीटरहून अधिक घ्यावी लागेल. तेवढा जाड कॅमशाफ्ट बसण्यास पुष्कळ इंजिनांत जागाच नसते. रोलर लावला असता मात्र १५ मिलिमीटरचे पायावर्तुळ पुरते.

आता १६, १९ आणि २२ मिलिमीटर व्यासाची तीन चाके घेऊन, तीनही वेळा व्हॉल्व्हची हालचाल तंतोतंत तीच राहील असे तीन स्वतंत्र लोब आखले, तर पुढील मापे मिळतात.

१६ मि.मी. चाक : अर्ध्या उचलीवर चढण २२.३ अंश, नाकाची त्रिज्या ७.६ मि.मी.; कुशीच्या आरंभी पोकळीची त्रिज्या ७७ मि.मी.

१९ मि.मी. चाक : चढण २१.२ अंश, नाकाची त्रिज्या ७.२ मि.मी.; पोकळीची त्रिज्या १०७ मि.मी.

२२ मि.मी. चाक : चढण २०.३ अंश, नाकाची त्रिज्या ६.९ मि.मी.; पोकळीची त्रिज्या १५६ मि.मी.

यातील पहिला स्तंभ गाडीवानाच्या अनुभवास दुजोरा देतो. चाक मोठे केले की चढण सौम्य होते. ही चढण म्हणजे लोब टॅपेटला सरळ वर न ढकलता किती तिरपे ढकलतो याचे माप होय. तिरपेपणा वाढला की टॅपेट आपल्या भोकाच्या भिंतीवर रेटले जाते, भोक एका बाजूने झिजते आणि पुशरॉडला वाक येतो. सर्वसाधारण यंत्ररचनेत ही चढण ३० अंशांच्या आत ठेवण्याचा संकेत आहे. शर्यतीच्या इंजिनात उचल आणि गती दोन्ही वाढविलेल्या असतात. त्यामुळे चढणीतून वाचविलेला एकेक अंश तेथे मोलाचा ठरतो.

दुसरा स्तंभ मात्र अपेक्षेच्या उलट आहे. चाक मोठे होताच लोबचे नाक अधिक टोकदार होते. याचे कारण आखणीच्या रीतीतच आहे. नाकाशी केंद्राच्या वाटेची जी त्रिज्या असते तीतून चाकाची त्रिज्या वजा करून लोबची त्रिज्या मिळते. मोठे चाक अधिक वजा करते. चाक वाटेच्या त्रिज्येहून मोठे घेतले तर वजाबाकी ऋण येईल, म्हणजे कागदावरील वर्तुळे एकमेकांना छेदून नाकच खाऊन टाकतील, आणि व्हॉल्व्हला ठरविलेली उचल मिळणार नाही.

नाक टोकदार झाले म्हणजे तेथील ताण वाढला असे मात्र एकदम म्हणता येत नाही. दोन वक्र पृष्ठे एकमेकांवर दाबली असता होणाऱ्या ताणाचे गणित हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मांडले. भार व चाकाची रुंदी तीच असेल तर हा ताण दोन्ही पृष्ठांच्या वक्रतांच्या बेरजेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. वक्रता म्हणजे त्रिज्येचा व्यस्तांक. आपल्या उदाहरणात ही बेरीज १६ मिलिमीटरच्या चाकाला ०.२५७, १९ च्या चाकाला ०.२४४ आणि २२ च्या चाकाला ०.२३६ येते. मोठ्या चाकाचा गोलपणा जितका दिलासा देतो, त्यातील बराचसा नाकाचा टोकदारपणा हिरावून घेतो. चाकाचा व्यास साडेसदतीस टक्क्यांनी वाढविला तरी नाकावरील ताण जेमतेम ४ टक्क्यांनी उतरतो. मोठे चाक लावले की ताणाचा प्रश्न मिटला, ही समजूत म्हणून खरी नाही.

तिसरा स्तंभ घासणी-कारागिराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. रोलरसाठी आखलेल्या जलद लोबची कूस आरंभी आत वळलेली, पोकळ असते. अशी पोकळी ग्राइंडिंगच्या दगडाने घासून काढावयाची तर दगडाची त्रिज्या पोकळीच्या त्रिज्येहून लहान हवी. मोठा दगड पोकळीत शिरणारच नाही आणि दोन्ही बाजूंचे धातू खाईल. १६ मिलिमीटरच्या चाकाचा लोब घासण्यास १५४ मिलिमीटरहून कमी व्यासाचा दगड लागेल. १९ च्या चाकाला सुमारे २१४ मिलिमीटरपर्यंतचा चालेल, आणि २२ च्या चाकाला सुमारे ३१२ मिलिमीटरपर्यंतचा. ज्या कारखान्यात ३०० मिलिमीटर व्यासाचा दगड आहे, तो तिसरा लोब करू शकेल. पहिले दोन त्याच्या आवाक्याबाहेरचे आहेत. मोठे चाक कुशीची पोकळी उथळ करते, आणि त्यामुळे सामान्य यंत्रावरही तो लोब घासता येतो. शर्यतीच्या इंजिनांत पाऊण इंचाहून मोठ्या चाकांचा स्वीकार होण्यामागे हेही एक कारण आहे.

५. त्याच लोबवर दुसरे चाक

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. १९ मिलिमीटरच्या चाकासाठी घासलेला लोब इंजिनात आहे. टॅपेट झिजली म्हणून अथवा अधिक चांगली मिळाली म्हणून बदलली, आणि नव्या टॅपेटचे चाक २२ मिलिमीटरचे निघाले. लोब तोच ठेवला. काय होईल?

पायावर्तुळावर काही फरक पडत नाही. नाकावरही उचल ८ मिलिमीटरच राहते. व्हॉल्व्ह उघडण्याचा पहिला क्षण आणि बंद होण्याचा शेवटचा क्षणही सिद्धान्ततः तेच राहतात. म्हणून नाकावर डायल गेज लावून उचल मोजणाऱ्या कारागिराला सर्व ठीक दिसते. फरक पडतो तो कुशीवर. मोठे चाक कुशीला थोडे बाहेरून स्पर्श करते, आणि त्यामुळे त्याचे केंद्र ठरविलेल्या वाटेच्या बाहेर जाते. अर्ध्या उचलीच्या सुमारास उचल सुमारे ०.१ मिलिमीटरने अधिक होते. त्या उंचीवर मोजलेला अवधी क्रँकच्या हिशेबाने सुमारे २ अंशांनी वाढतो. रॉकर दीडपट असेल तर व्हॉल्व्हशी हा फरक ०.१५ मिलिमीटर होतो. पुष्कळ इंजिनांत टॅपेटची फट एक-दोन दशांश मिलिमीटरची ठेवलेली असते, हे लक्षात घेतले म्हणजे या फरकाचे महत्त्व कळेल. ज्या इंजिनात पिस्टन वर येताना व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांत मुळातच थोडे अंतर राखलेले असते, तेथे हे अंतर पुन्हा मोजल्यावाचून इंजिन सुरू करणे धोक्याचे आहे.

गतीतील बदल याहूनही अधिक. व्हॉल्व्ह बैठकीवरून उठताना आणि बैठकीवर उतरताना प्रवेग सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो, तर नाकावर तो सुमारे ४ टक्क्यांनी घटतो. म्हणजे ज्या ठिकाणी स्प्रिंगची कसोटी लागते तेथे किंचित सूट मिळते. परंतु व्हॉल्व्ह बैठकीवर आपटण्याची जी नाजूक जागा, तेथे यंत्रणा अधिक कठोर वागू लागते. मोठ्या चाकासाठी आखलेल्या लोबवर लहान चाक बसविले तर याच्या उलट घडते: कुशीवरची उचल घटते, मधला अवधी आखडतो आणि इंजिनाला अपेक्षित श्वास मिळत नाही. इंजिनाची शक्ती कमी पडली म्हणून कार्ब्युरेटर व इग्निशन तपासण्यात दिवस जातात. दोष मात्र चाकाच्या दीड मिलिमीटर त्रिज्येत लपलेला असतो.

६. मोठ्या चाकाची किंमत

मोठे चाक चढण सौम्य करते, पोकळी उथळ करते आणि स्वतः सावकाश फिरते. क्रँक मिनिटाला ८००० फेरे घेत असेल तर कॅम ४००० घेतो. आपल्या उदाहरणात १६ मिलिमीटरचे चाक पायावर्तुळावर ७५०० फेऱ्यांच्या वेगाने आणि नाकावर ११,५०० फेऱ्यांच्या वेगाने फिरू पाहते. २२ मिलिमीटरचे चाक अनुक्रमे सुमारे ५४५० आणि ८३६०. कॅमच्या प्रत्येक फेरीत, म्हणजे सेकंदाच्या सदुसष्टाव्या भागात, चाकाला हा वेग एकदा वाढवावा आणि एकदा घटवावा लागतो. ते मागे पडले की घरंगळण्याऐवजी घसरते, आणि घसरण हीच लोबच्या पृष्ठाची शत्रू होय. चाकातील बारीक सुयांच्या बेअरिंगलाही कमी वेग मानवतो.

परंतु याची किंमत मोजावी लागते. रुंदी तीच ठेवल्यास भरीव चाकाचे वजन व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १६ वरून २२ वर जाताना ते जवळजवळ दुप्पट होते. जड चाकाला वेग बदलावयास अधिक जोर लागतो, आणि टॅपेटचे एकूण वजन वाढले म्हणजे स्प्रिंग अधिक कडक लागते. कडक स्प्रिंग पुन्हा नाकावरील भार वाढविते. चाक टॅपेटच्या अंगाहून मोठे झाले तर टॅपेट वरून भोकात घालता येत नाही. शिवाय रोलर टॅपेटला स्वतःभोवती फिरू देऊन चालत नाही, कारण चाक तिरके झाले की लोब आणि चाक दोन्ही नासतात. त्यासाठी दोन टॅपेट एकमेकांस जोडणारी पट्टी अथवा खाच लागते. सपाट टॅपेटची गोष्ट नेमकी उलट. झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून ते मुद्दाम फिरते ठेवलेले असते. तात्पर्य, चाकाचे सर्वोत्तम माप असे एकच नसते. लोब, स्प्रिंग, भोक आणि घासणीचे यंत्र यांच्या संदर्भात ते ठरते.

७. नोंदीचा प्रश्न

हा विषय केवळ शर्यतीपुरता मर्यादित नाही. डिझेल ट्रकांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या एकसरी इंधनपंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक लोब आणि त्यावर चालणारे एक रोलर टॅपेट असते. असे पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना ठाऊक आहे की, रोलर आणि त्याची पिन झिजली म्हणजे प्लंजर खाली बसतो आणि इंधन उशिरा सुटते. म्हणून ते स्क्रूने अथवा पातळ चकतीने उंची जुळवून घेतात. या जुळवणीने आरंभाचा क्षण पूर्ववत होतो. परंतु चाकच निराळ्या व्यासाचे बसविले तर कुशीवरील गती बदललेली असते, आणि ती कोणत्याही स्क्रूने पूर्ववत होत नाही. झीज आणि मापातील बदल हे दोन भिन्न दोष असून त्यांचे उपायही भिन्न आहेत.

या घोटाळ्याचे मूळ काही अंशी भाषेत आहे. कारखान्यात आणि बाजारात लोकांच्या तोंडी असते ते असे: हा कॅम आठ मिलिमीटरचा, हा कॅम दोनशे साठ अंशांचा. उचल आणि अवधी हे जणू लोबचेच अंगभूत गुण आहेत, असा भास या वाक्यरचनेने होतो. वस्तुतः हे शब्द नात्याच्या शब्दांसारखे आहेत. 'मामा' हा शब्द एकट्या मनुष्याचे वर्णन करीत नाही. तो कोणाचा मामा हे सांगितल्याशिवाय अर्थ पुरा होत नाही. त्याप्रमाणेच 'दोनशे साठ अंशांचा कॅम' हे वर्णन, कोणत्या व्यासाच्या चाकावर, हे सांगितल्याखेरीज अपुरे राहते. सपाट टॅपेटच्या काळात ही उणीव फारशी जाणवली नाही, कारण सपाट तळाला त्रिज्याच नसते. टॅपेटचा व्यास कमीअधिक झाला तरी, लोब त्याच्या कडेवर जाईपर्यंत, हालचाल तीच राहते. बोलण्याची ती जुनी रीत रोलरच्या काळातही तशीच चालू राहिली, आणि शब्दांनी जे वगळले ते हातांनीही वगळले.

उपाय खर्चाचा नाही. कॅमशाफ्ट घासण्यास देताना अथवा घेताना जी चिठ्ठी लिहिली जाते, तिच्यात उचल, अवधी आणि पायावर्तुळ यांच्या जोडीला चाकाचा व्यास ही एक ओळ असावी. जुना कॅमशाफ्ट नमुना म्हणून दिला जात असेल तर त्याबरोबर त्याचे एक टॅपेटही द्यावे. टॅपेट बदलताना जुन्या व नव्या चाकाचा व्यास मायक्रोमीटरने मोजून पाहावा. फरक आढळल्यास केवळ नाकावर नव्हे, तर कुशीवर दर काही अंशांनी डायल गेज लावून उचल टिपावी. या कामास अर्धा दिवस लागतो. न केल्यास वाकलेला व्हॉल्व्ह, फुटलेला पिस्टन आणि पुन्हा उघडावे लागणारे इंजिन हे संभवनीय आहे, आणि लहान कारखानदाराला त्या एका इंजिनाचा भुर्दंड कित्येक महिने पुरतो.

पनवेलचा जुना सुतार देशावरच्या गाडीवानाला एकच चाक विकत नसे. जोडी देत असे, आणि ती दोन्ही चाके सारख्या मापाची असावीत हे पाहणे त्याच्या कसबाचा भाग होते. लोब आणि टॅपेटचे चाक यांची मापे सारखी नसतात, परंतु तीही जोडीच होय. ती तशीच मोजली, लिहिली आणि विकली गेली पाहिजे.